सुखाची दुसरी फेरी

ज्या वस्तूचें मोल आपण दिलें ती वस्तू पुरती हातीं न आल्यास तक्रार करण्याचा अधिकार आपणांस आहे, याविषयीं दुमत होण्याचें कारण नाहीं. दुकानदारानें शेरभर तूप म्हणून पाऊणशेर मोजलें तर त्यास दोन शब्द सुनावणें हें ग्राहकाचें कर्तव्यच होय. परंतु विकत घेतलेली वस्तू तूप नसून सुख असेल तर? तें कोणत्या मापानें मोजावयाचें, आणि मापांत तें कमी भरलें असें वाटल्यास त्याचा जाब कोणास विचारावयाचा? हा प्रश्न आमच्यापुढें कोणत्याहि ग्रंथांतून आलेला नाहीं. तो गेल्या हिवाळ्यांत कॅरिबियन समुद्रावर, एका सहलीच्या जहाजावरील चौकशीच्या खिडकीपुढें रांगेंत उभें असतां आला. आणि त्या खिडकीशीं आमच्या हातून जें घडलें त्याची रुखरुख अद्याप गेलेली नाहीं. म्हणून तो वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

आमचा पुतण्या नोकरीनिमित्त न्यू जर्सींत असतो. त्याच्याकडे आम्ही उभयतां पुण्याहून कांहीं महिन्यांकरितां गेलों होतों. जानेवारी लागला, अंगणांत गुडघाभर बर्फ सांचलें, पांच वाजण्याच्या आंत काळोख पडूं लागला आणि खिडकीशीं बसून पलीकडच्या घराचें छप्पर पाहण्यापलीकडे आम्हांस उद्योग उरला नाहीं. तेव्हां पुतण्यानें मायेनें एक बेत काढला. फ्लॉरिडांतील फोर्ट लॉडरडेल या बंदरांतून सात सात दिवसांच्या सहली निघतात. एका आठवड्यांत जहाज पूर्वेकडील बेटांस जातें, परत येतें, आणि त्याच दिवशीं सायंकाळीं पश्चिमेकडील बेटांस निघतें. “काका, एवढें विमानानें फ्लॉरिडापर्यंत जायचें, तर एका आठवड्यांत परत कशाला येतां? दोन्ही फेऱ्या एकदमच करा,” असें तो म्हणाला, आणि सुख एक आठवडा चांगलें तर दोन आठवडे दुप्पट चांगलें, हें गणित आम्हांसहि त्या वेळीं बिनचूक वाटलें.

हिवाळ्यांतील या सहलींचा उगम मोठा बोधप्रद आहे. उत्तर अटलांटिक महासागर हिवाळ्यांत खवळलेला असे, त्यामुळें युरोप-अमेरिकेमध्यें फिरणाऱ्या मोठ्या आगबोटींस त्या दिवसांत उतारू मिळत नसत. रिकाम्या बोटीचा खर्च तर चालूच राही. तेव्हां हांबुर्गच्या एका कंपनीचे चालक आल्बर्ट बालिन यांनीं 1891 च्या जानेवारींत ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ ही बोट केवळ मौजेकरितां भूमध्य समुद्रांत धाडली. पुढें याच कंपनीनें ‘प्रिन्झेसिन व्हिक्टोरिया लुईझे’ हें खास सहलीचें जहाज बांधिलें. तें 1906 च्या डिसेंबरांत जमेकाच्या किनाऱ्यावर खडकांवर चढून नाश पावलें. 1958 नंतर जेट विमानांनीं अटलांटिकचे उतारू ओढून नेले, आणि जुन्या कंपन्यांस व नव्या धंदेवाल्यांस कॅरिबियनची ऊब हेंच भांडवल उरलें. प्रथम बोटीस कोठें जावयाचें होतें म्हणून माणसें तींत बसत. आतां माणसांस बसावयाचें असतें म्हणून बोट कोठें तरी जाते. मुक्काम हा साधन झाला आणि जाणें हेंच साध्य झालें. यांत निंद्य कांहीं नाहीं. पण ज्या प्रवासास पोहोंचण्याचें ठिकाण नाहीं, तो सफल झाला कीं नाहीं हें ठरविण्यास उतारूच्या मनाखेरीज दुसरा साक्षीदार उरत नाहीं, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

पहिला आठवडा, खरें सांगावयाचें तर, फार आनंदांत गेला. पहांटे जहाज सान हुआनच्या खाडींत शिरतें तेव्हां डाव्या हातास उंच कड्यावर स्पॅनिशांनीं 1539 मध्यें बांधावयास घेतलेला एल मोरो किल्ला उभा असतो, आणि त्याच्या बुरुजांवर उजेड हळूहळू उतरत येतो. हें दृश्य पाहतांना आम्हांस सिंधुदुर्गाची आठवण झाली आणि आमच्या सहधर्मचारिणीनें कांहीं न बोलतां हात जोडले. सेंट थॉमस बेटावरील शार्लट आमाली हें गांव डेन्मार्कनें 1917 मध्यें अमेरिकेस विकलें. तेथील साखरेच्या व रमच्या जुन्या दगडी वखारींत आतां जडजवाहिराचीं दुकानें आहेत, आणि त्यांतील अनेकांच्या गल्ल्यावर सिंधी व्यापारी बसलेले आढळतात. एकानें आम्हांस हिंदींत “या, बसा” म्हणून पाणी दिलें. समुद्राचा निळा रंग, दाराशीं न मागतां येणारा चहा, रात्रीचें संगीत, यांपैकीं कशासहि नांव ठेवण्याचें आमच्या मनांत आलें नाहीं. आमची खोली आवरणारा सेवक गोव्यांतील पेडणें महालाचा निघाला. आमचें मराठी कानीं पडतांच त्यानें पहिल्या दिवशींचें ‘सर’ टाकून ‘काका-काकू’ म्हणण्यास आरंभ केला, तेव्हां तर परक्या मुलुखांत घरचें माणूस भेटल्याचें समाधान झालें.

आठव्या दिवशीं सकाळीं जहाज परत धक्क्यास लागलें. त्या दिवसाचें वर्णन केल्यावांचून पुढील कथा समजावयाची नाहीं. तीन हजारांवर उतारू चार तासांत उतरतात आणि तितकेच नवे दुपारीं चढतात. आमच्यासारखे जे दुसऱ्या फेरीस राहतात त्यांच्या हातांत एक निराळें पत्र देतात. त्यांना सीमाधिकाऱ्यांपुढें नेऊन पारपत्रें पाहिल्यावर पुन्हां जहाजावर सोडतात. आम्ही परत आलों तेव्हां जहाज जवळजवळ रिकामें होतें. लांबच लांब बोळांतून मळक्या चादरींचे ढीग पडले होते, आणि मंगल कार्यालयांत एक वऱ्हाड उठून दुसरें यावयाच्या मध्यंतरीं जी घाई असते तशी घाई चालली होती. काल रात्रीं ज्या दिवाणखान्यांत आम्हांस राजेरजवाडे असल्यासारखें वाटलें होतें, तेथें एक मनुष्य गुडघे टेकून गालिच्यावरील डाग घाशीत होता. दुपारीं नवे लोक आले. त्यांच्या मुद्रेवर तोच हर्ष, तेच उद्गार. ध्वनिक्षेपकावरून तेंच स्वागत झालें, आणि मागल्या आठवड्यांत जो विनोद ऐकून आम्ही पोट धरून हंसलों होतों तोच विनोद, त्याच ठिकाणीं त्याच विरामासह, पुन्हां झाला. भोंवतालचे सारे हंसले. आम्हांस मात्र आपली कोणी फसवणूक केली आहे असें वाटलें. वस्तुतः फसवणूक कसली? विनोद चांगला होता म्हणूनच तो ठेवला होता.

तेथून उतार लागला. जेवणाची यादी सात दिवसांची. ती पुन्हां पहिल्यापासून सुरू झाली. तीं नाटकें, तीच गाणीं. आतां आमच्या दृष्टीस, पहिल्या आठवड्यांत न दिसलेल्या गोष्टी दिसूं लागल्या. कॉफी कोमट आहे, उद्वाहनास वेळ लागतो, खोली आवरण्यास दुपार होते. दोन-तीन फेऱ्या जोडून करणाऱ्यांचा एक लहानसा कंपूच असतो. त्यांत आमचा शिरकाव झाला. त्यांतील एक वृद्ध गृहस्थ वीस वर्षें दर हिवाळ्यांत येत होते, आणि पूर्वीं उशीवर कोणतें चॉकलेट ठेवीत, टॉवेल किती जाड असत, यांचा हिशेब त्यांस तोंडपाठ होता. “मग आपण येतां कां?” असें आम्हीं विचारलें, तेव्हां ते गोंधळून आमच्याकडे पाहतच राहिले. तक्रार हाच त्यांच्या सहलीचा शिल्लक राहिलेला आनंद होता, असें आमच्या ध्यानांत आलें. आपणहि त्याच वाटेवर दहा दिवसांत कितीसे पुढें आलों आहों, हें मात्र आलें नाहीं.

तिसऱ्या दिवशीं जमेकांतील फालमथ लागलें. हें गांव 1769 मध्यें वसलें आणि साखरेच्या निर्यातीवर गबर झालें. ती साखर आफ्रिकेंतून धरून आणलेल्या गुलामांच्या श्रमानें होत असे. आणि 1838 त त्यांची पुरती मुक्तता झाल्यावर मळेवाल्यांनीं 1845 पासून हिंदुस्थानांतून करारबद्ध मजूर आणविले. एकट्या जमेकांत असे सुमारे 36,000 लोक आले. तेहि आमच्यासारखेच जहाजांतून आले. पण त्यांनीं कोमट कॉफीची तक्रार केल्याची नोंद नाहीं. गोडी एकाच्या जिभेवर आणि तिचें ओझें दुसऱ्याच्या पाठीवर, असा हा या किनाऱ्याचा जुना हिशेब. त्या दिवशीं हें सारें आम्हीं मार्गदर्शकाच्या तोंडून ऐकलें, मान डोलविली, आणि जेवणास उशीर नको म्हणून जहाजावर परत आलों.

चौथ्या दिवशीं ग्रँड केमन बेटावरील जॉर्ज टाउन लागावयाचें होतें. पुतण्यानें ज्याचीं चित्रें दाखविलीं होतीं तें हेंच बेट, आणि दुसरी फेरी आम्हीं घेतली ती मुख्यतः त्याच्याकरितां. तेथें मोठ्या जहाजांस धक्का नाहीं. तीं खोल पाण्यांत उभीं राहतात आणि लहान होड्यांतून लोक किनाऱ्यास जातात. हिवाळ्यांत उत्तर अमेरिकेंतून थंड हवेची लाट खालीं उतरली कीं त्या पश्चिमाभिमुख बंदरांत लाटा उसळतात आणि होड्या लागूं शकत नाहींत. त्या सकाळीं तसेंच झालें. बेट समोर दिसत होतें, घरें मोजतां येत होतीं. अर्ध्या तासानें कप्तानानें दिलगिरी दर्शविली आणि जहाज वळलें.

चौकशीच्या खिडकीपुढें रांग लागली ती तेव्हां. आम्हीहि रांगेंत उभे राहिलों. खिडकींतील तरुणीनें शांतपणें सांगितलें कीं, बंदर बदलण्याचा वा गाळण्याचा अधिकार कंपनीनें करारांत राखून ठेविलेला आहे. बंदराचा कर मात्र परत मिळेल. तिचें म्हणणें खरें होतें, आणि खरें होतें म्हणूनच आमचा संताप वाढला. तक्रारीचा कागद हातीं आला. वाऱ्याविरुद्ध तक्रार लिहितां येत नाहीं. तेव्हां ज्याविरुद्ध लिहितां येते तें सारें आम्हीं लिहिलें. जेवण तेंच तें, करमणूक शिळी, कॉफी कोमट, आणि शेवटीं, कागदावर जागा उरली होती म्हणून, ‘खोली आवरण्यांत हयगय होते’ हेंहि एक वाक्य आम्हीं ठोकून दिलें.

दुसऱ्या दिवशीं दारावर टकटक झाली. पेडण्याचा तो सेवक आणि त्याच्या मागें त्याचा वरिष्ठ उभे होते. सेवकानें इंग्रजींत, पाठ केल्याप्रमाणें, आमची क्षमा मागितली. त्या दिवशीं त्यानें आम्हांस पुन्हां ‘सर’ म्हटलें. वरिष्ठ गेल्यावर काकूंनीं त्यास थांबवून विचारपूस केली, तेव्हां कळलें कीं, त्याचा जोडीदार तापानें पडला असल्यामुळें आठवडाभर दोघांच्या खोल्या तो एकटा आवरीत होता. आठ महिन्यांच्या करारांतील हा त्याचा सहावा महिना. एवढ्या काळांत त्याच दोन फेऱ्या त्यानें कितीदां केल्या याचा हिशेब आम्हीं मनांतच केला. उतारूंनीं दिलेल्या गुणांवर पुढचा करार व बढती अवलंबून असते, असें त्यानें सांगितलें. रागावला मुळींच नाहीं. दार ओढून घेतांना एवढेंच मराठींत म्हणाला, “काका, कांहीं उणें असलें तर मला सांगायचें. कागदावर कशाला लिहिलेंत?”

आम्ही तसेच उठून खिडकीपाशीं गेलों आणि तें वाक्य मागें घेण्याची इच्छा दर्शविली. लिहिलेलें पुसतां येत नाहीं, परंतु प्रशंसा निराळी नोंदवितां येईल, असें उत्तर मिळालें. आम्हीं पानभर प्रशंसा लिहिली. तिनें त्या वाक्याची भरपाई झाली कीं नाहीं, हें आम्हांस ठाऊक नाहीं. आणि कळण्याचा मार्गहि नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. आमच्या निराशेचे पाहूं गेल्यास तीन निरनिराळे घटक होते. पहिला, जें कबूल केलें तें न देणें. कोमट कॉफी या सदरांत येईल, आणि तीबद्दल बोलण्यास आम्ही मोकळे होतों. दुसरा, वारा आणि लाटा. येथें कोणीच अपराधी नाहीं. तिसरा आणि सर्वांत मोठा घटक म्हणजे पहिल्या आठवड्याचा आनंद दुसऱ्या आठवड्यांत त्याच तोलाचा मिळावा ही आमची अपेक्षा. ही अपेक्षा कोणीं पुरी केली नाहीं म्हणून आम्ही रुष्ट झालों, आणि तिसऱ्या खात्यावरील रक्कम पहिल्या खात्यांत मांडून मोकळे झालों. हिशेबांतील ही लबाडी मनुष्य नकळत करितो. परंतु नकळत केली म्हणून ज्याच्या नांवावर ती रक्कम पडते त्याचें ओझें कमी होत नाहीं.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. ‘निराशा मनांत असते’ असें म्हणूं लागल्यास विकणाऱ्याचें आयतेंच फावतें. माल हिणकस द्यावयाचा आणि ग्राहकानें कुरकुर केली कीं त्यास वैराग्य शिकवावयाचें! हें आम्हांस मान्य आहे. किंबहुना या धंद्यांत विकणाराहि निर्दोष नाहीं. तो केवळ खोली, जेवण आणि बंदरें विकत नाहीं. जाहिरातींत हंसणारीं माणसें दाखवून तो प्रत्यक्ष आनंदाचीच हमी देतो, आणि करारांत मात्र बंदराचीहि हमी ठेवीत नाहीं. अशा कंपनीच्या चालकांस खडसावून लिहिणें योग्यच होय. पण आमचा कागद चालकांपर्यंत पोहोंचला नाहीं. तो जिन्यांच्या पायऱ्या उतरत उतरत अगदीं तळच्या पायरीवरील, ज्याचा या व्यवहारांत कांहींच अपराध नव्हता, अशा मनुष्याच्या हातांत गेला. वचन देणारा एक आणि त्या वचनाचा दंड भरणारा दुसरा, अशी जेथें रचना आहे, तेथें तक्रार खरी आहे एवढें पाहून भागत नाहीं. ती कोणाच्या डोक्यावर उतरणार आहे हेंहि पाहावें लागतें. आमच्या वाक्यांत असत्य नव्हतें. खोली उशिरा आवरली जात होती हें खरेंच. तरीहि तें वाक्य अन्याय्य होतें.

आणि त्या दुप्पट सुखाच्या गणिताचें काय? ययातीनें पुत्राचें तारुण्य उसनें घेऊन उपभोग वाढविला व शेवटीं उपभोगानें वासना शमत नाहीं हें कबूल केलें, ती कथा सर्वांस ठाऊक आहे. पण तीवरून पुनरावृत्ति हीच सुखाची वैरीण, असा निष्कर्ष कोणी काढूं नये. लहान मूल रोज रात्रीं तीच गोष्ट मागतें आणि एक शब्द बदललेला खपवून घेत नाहीं. वारकरी दर आषाढींत त्याच वाटेनें जातो आणि वाट जुनी झाल्याची तक्रार करीत नाहीं. फार काय, ज्या जहाजावर आम्ही कंटाळलों होतों त्याच जहाजावर आमच्या शेजारींच एक व्यक्ति कंटाळली नव्हती. आमची सहधर्मचारिणी रोज रात्रीं वरच्या डेकवर एका ठराविक कठड्याशीं जाऊन उभी राहत असे. ग्रँड केमन हुकलें त्या रात्रीं, आम्ही खिन्न होऊन बसलों असतां, तिनें आम्हांस तेथें बोलावून दक्षिणेकडे बोट केलें. “तो पाहा अगस्त्य. आपल्या गच्चीवरून दिसतो तेवढाच वर आहे कीं नाहीं?” न्यू जर्सींत तो तारा क्षितिजावर येतच नाहीं. मागाहून नकाशा पाहिला तेव्हां तिचें म्हणणें तंतोतंत पटलें. पुणें, फालमथ आणि सान हुआन हीं तिन्ही साडेअठरा अंशांच्या आसपास एकाच अक्षांशावर आहेत. पुण्याचा जानेवारी सोडून आम्ही बर्फांत गेलों होतों, आणि पुण्याचाच जानेवारी फ्लॉरिडाहून भाडें भरून परत विकत घेत होतों! तिला हें पहिल्या आठवड्यांतच उमगलें होतें, आणि तिला त्याची मौज वाटत होती. दोघांनीं एकच तिकिट काढलें होतें. ती रोज कांहीं तरी पाहावयास जात होती. आम्ही आपणांस कांहीं मिळतें कीं नाहीं हें पाहत बसलों होतों. तेंच तें पुन्हां झालें म्हणून सुख विटत नाहीं; तें आपणांस मागच्याइतकेंच मिळालें पाहिजे, असा तगादा लावून बसलें म्हणजे विटतें.

घरीं आल्यावर वाचनांत आलें कीं, 2025 च्या एप्रिलांत ग्रँड केमनच्या मतदारांपुढें मोठ्या जहाजांकरितां धक्का बांधण्याचा प्रश्न ठेविला गेला होता, आणि त्यांनीं तो कौल नकारार्थी दिला. जी अडचण आम्ही आमच्यावरील अन्याय समजत होतों, ती तेथील लोकांनीं विचारपूर्वक राखली होती. आपल्या सुखाच्या वाटेवर उभा असलेला प्रत्येक जण आपलें देणें लागतो, असें समजण्याची खोड जहाजावर लवकर जडते. जमिनीवरहि ती आमच्या अंगीं नव्हती असें आतां खात्रीनें सांगवत नाहीं.

कंपनीचें अभिप्रायपत्र यथावकाश ईमेलानें आलें. पहिल्या प्रश्नांत खोलीच्या व्यवस्थेस दहापैकीं गुण द्यावयाचे होते. तेथें आम्हीं दहा दिले. जाहिरात व करार यांतील अंतराविषयीं विचारणारा प्रश्न त्यांत कोठेंच नव्हता. म्हणून त्याविषयीं चालकांस निराळें पत्र लिहून धाडलें. त्याचें उत्तर अजून आलेलें नाहीं. शेवटचा प्रश्न, ‘आपण आमच्याबरोबर पुन्हां प्रवास कराल काय?’ असा होता. काकू म्हणाल्या, “लिहा, हो.” आम्हीं तो रकाना तूर्त कोरा ठेविला आहे.